पावणेदोन सेकंद

टेनिसचं कोर्ट एका बेसलाइनपासून, म्हणजे मागच्या टोकाच्या रेषेपासून, दुसऱ्या बेसलाइनपर्यंत २३.७७ मीटर लांब असतं. समोरच्याचा चेंडू सरासरी ताशी ५० किलोमीटर वेगाने आला, तर हे अंतर कापायला त्याला साधारण पावणेदोन सेकंद लागतात. एवढा वेग आम्हा नवशिक्यांच्या खेळातही सहज असतो. तेवढ्या वेळात चेंडू उजवीकडे येतोय की डावीकडे ते ओळखायचं, तिकडे निघायचं, खांदे वळवायचे, टप्प्याचा अंदाज बांधायचा, पाय स्थिर करायचे आणि मग मारायचं. मारणं या यादीत अगदी शेवटी येतं आणि त्याला वेळही सगळ्यात कमी लागतो. चेंडू रॅकेटच्या तारांना टेकून असतो तो सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग. तेवढ्यात माणसाला काही ठरवता येत नाही की ठरवलेलं बदलता येत नाही. जे व्हायचं ते आधीच ठरून गेलेलं असतं.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी कर्वेनगरमधल्या एका मातीच्या कोर्टवर टेनिस शिकायला जाऊ लागले. तिथे जे शिकले आणि अजून शिकते आहे, त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. ग्रिप म्हणजे रॅकेट धरायची पद्धत, पायांची हालचाल, खांदे वळवणं, चेंडू शरीराच्या पुढे गाठणं, असं जे काही पायाभूत तंत्र म्हणून शिकवलं जातं, ते जवळजवळ सगळं वेळ कमावण्यासाठी आहे. जोर आणि देखणेपणा त्याच्या मागून येतात. हे डोक्यात बसलं की कोचची प्रत्येक सूचना एकमेकींशी जोडली जाते. एरवी ‘गुडघे वाकवा’, ‘डावा हात सोडू नका’, ‘लवकर वळा’ ही नुसती आज्ञांची माळ वाटते.

पुण्यात मोठ्या वयात टेनिसकडे वळणारा माणूस बहुतेक वेळा बॅडमिंटनच्या वाटेने येतो. इथे ते साहजिकच आहे. १८७० च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळ खेळत, आणि त्या काळी त्याला ‘पूना’ असंच म्हणत. लॉन टेनिसही त्याच दशकातलं. १८७४ साली वॉल्टर विंगफिल्डने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. दोन्ही खेळ एकाच पिढीचे, पण हाताकडून अगदी वेगळ्या गोष्टी मागतात. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली, टेनिसची तारांसकट तीनशेच्या आसपास. शटल हवेत चटकन मंदावतं. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, तो टप्पा पडल्यावरही अंगावर येत राहतो. बॅडमिंटनमध्ये मनगटाच्या ज्या झटक्यावर सगळं चालतं, तोच झटका टेनिसमध्ये रॅकेटचं तोंड भलतीकडे फिरवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं बॅडमिंटन खेळून आलेल्या माणसाला उशीर झाला तरी मनगट त्याला वाचवत असतं. टेनिसमध्ये ही सोय नाही. उशीर झाला की झाला.

पण बॅडमिंटनचं एक देणं फार मोलाचं आहे, ते पुढे सर्व्हिसच्या वेळी कळतं. डोक्यावरून हात फेकायची सवय त्या लोकांना आधीच असते.

आमचे कोच विशीतले आहेत. वयाने माझ्या भाच्याएवढे, तरी मी त्यांना सर म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. त्यांनी सुरुवातीला मला बेसलाइनवर जाऊच दिलं नाही. नेटपासून ६.४० मीटरवर सर्व्हिस लाइन असते, तिथे उभं केलं आणि केशरी ठिपक्याचे चेंडू काढले. हे चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा निम्म्या वेगाचे असतात आणि कमी उसळतात. लाल त्याहून मंद, हिरव्या ठिपक्याचे पिवळ्यापेक्षा पाव हिस्सा मंद. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये नवशिक्यांसाठी मोहीम सुरू केली ती या चेंडूंच्या भरवशावर: पहिल्याच दिवसापासून माणसाला सर्व्हिस करता यावी, रॅली म्हणजे चेंडूची सलग देवाणघेवाण करता यावी, गुण मोजून खेळता यावं. २०१२ पासून दहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धा पिवळ्या चेंडूने घ्यायच्या नाहीत असा नियमच आहे. मोठ्यांसाठी असा नियम नाही आणि ते मला चुकीचं वाटतं. चाळिशीतल्या माणसाला पहिल्या दिवशी बेसलाइनवर उभं करून पिवळा चेंडू देणाऱ्या बॅचेस पुण्यात भरपूर आहेत. त्यात तो माणूस शिकतो ते फक्त धावपळ करून चेंडू कसाबसा परतवणं. हाताला मग तीच सवय लागते. मंद चेंडू वेळ उधार देतो, आणि त्या उधारीवर हालचाल नीट बसते.

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही याचा पुरावा मला पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मिळाला. २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही व्यावसायिक पुरुष खेळाडूंची स्पर्धा तिथे होत असे. मुख्य स्टेडियमपेक्षा मला सरावाची कोर्ट्स जास्त आवडायची, कारण तिथे जाळीपलीकडे अगदी जवळ उभं राहता येतं. जगभर फिरणारे ते खेळाडू सराव सुरू करताना आधी सर्व्हिस लाइनवरच उभे राहायचे. हलक्या हाताने, छोट्या अंतरात, पूर्ण फॉलो थ्रू करत, म्हणजे फटक्यानंतरही रॅकेट शेवटपर्यंत पुढे नेत, ते एकमेकांना चेंडू द्यायचे. ताकद शून्य. पाय मात्र सतत हलत असायचे. काही मिनिटांनी मग दोघंही सावकाश मागे सरकायचे. नवशिक्याला जे पहिल्या आठवड्यात शिकवतात, ते हे लोक रोज सकाळी करतात.

ग्रिपबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यातच सांगते. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात. तर्जनीच्या बुडाचा सांधा कोणत्या पैलूवर टेकतो त्यावरून ग्रिप ठरते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने रॅकेट उभी, म्हणजे तिची कड जमिनीकडे करून धरली आणि वरच्या पैलूला पहिला धरून घड्याळाच्या दिशेने मोजलं, तर दुसऱ्यावर कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न. सर्व्हिस आणि व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेला फटका, कॉन्टिनेंटलने. फोरहँडला, म्हणजे उजव्या बाजूच्या फटक्याला, ईस्टर्नपासून सुरुवात करून पुढे सेमी-वेस्टर्नकडे सरकता येतं. हे पुस्तकी झालं. खरी मेख ही की फोरहँडवरून बॅकहँडला, म्हणजे डाव्या बाजूच्या फटक्याला, जाताना ग्रिप बदलावी लागते, आणि ती बदलायला वेळ कोणी वेगळा देत नाही. म्हणून डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवायचा. खांदे वळता वळताच डाव्या हाताने रॅकेट फिरते आणि उजव्या मुठीत योग्य पैलू येऊन बसतो. दोन कामं एका हालचालीत होतात. डावा हात मोकळा सोडणाऱ्या माणसाची रॅकेट तयार होते तेव्हा चेंडू टप्पा पडून वर आलेला असतो.

आता पायांकडे येते, कारण माझ्या मते टेनिसचा पाया शब्दशः तिथे आहे. समोरचा फटका मारत असतो त्याच क्षणी आपण जागेवर छोटीशी उडी घ्यायची, उंच नाही, तळवे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकी, आणि त्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटला की दोन्ही पाय पसरून पुढच्या चवड्यांवर उतरायचं. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. उतरताना पायांचे स्नायू ताणले जातात आणि त्या ताणातूनच पुढचं पाऊल उचललं जातं, ज्या दिशेला हवं त्या दिशेला. टाचांवर निवांत उभ्या असलेल्या माणसाला निघण्याआधी वजन पुढे आणावं लागतं, आणि पावणेदोन सेकंदांतला चांगला मोठा हिस्सा तिथेच संपतो.

“ताई, बॉल नेट ओलांडून आला की नाही निघायचं,” सर सांगतात. “तो मारतो तेव्हाच तुम्ही हलायला पाहिजे.”

एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात झाले. भारताची श्रीवल्ली भमिडिपाती त्या आठवड्यात एकेरीचे सगळे सामने जिंकली. मी पाहायला गेले तेव्हा मनाशी ठरवून काही वेळ चेंडूकडे पाहिलंच नाही, फक्त एका बाजूच्या खेळाडूचे पाय पाहिले. हे जमवायला अवघड आहे, कारण नजर चेंडूमागे ओढली जाते. पण एकदा जमलं की वेगळाच खेळ दिसतो. समोरून प्रत्येक फटका सुटताना ती छोटी उडी, न चुकता, रॅली कितीही लांबली तरी, दमल्यावरही. फटका मारून झाल्यावर कोणी तो पाहत उभं राहत नाही. लगेच दोन-तीन आडवी पावलं टाकून परत जागेवर, आणि पुन्हा ती उडी. टीव्हीवर हे दिसत नाही असं नाही, पण कॅमेरा आपल्याला चेंडूच दाखवत राहतो. पुण्यात राहणाऱ्याने बालेवाडीला एखादा सामना असा पायांकडे बघत पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या कोर्टवर एक जुने मार्कर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: सभासदांना खेळायला जोडीदार नसेल तेव्हा त्यांच्याबरोबर खेळणारा, कोर्टची निगा राखणारा माणूस म्हणजे मार्कर. मामा लहानपणी बॉलबॉय म्हणून आले आणि बघून बघून शिकले. आता साठीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, तरी तिशीतली धडधाकट मुलं त्यांच्यापुढे घामाघूम होतात. मामांना पळताना मी जवळजवळ पाहिलंच नाही. चेंडू जिथे पडणार असतो तिथे ते आधीच उभे असतात.

मी एकदा विचारलं, “मामा, तुम्हाला आधी कसं कळतं?”

“त्याचा खांदा सांगतो की,” ते म्हणाले. “अंग जास्त वळलं की बॉल तिरका येणार. रॅकेट खालून निघाली की उंच येणार. तुम्ही बॉल बघत बसता, तो निघाल्यावर मग बघून काय करायचं?”

मामांनी पावणेदोन सेकंदांचे दोन सेकंद केले आहेत, कारण त्यांचं घड्याळ चेंडू सुटण्याआधीच सुरू होतं. हे कोणत्याही बादलीभर चेंडूंच्या सरावातून येत नाही. ते समोरच्या माणसाकडे पाहून येतं, आणि नवशिक्याने पहिल्या दिवसापासून त्याची सवय लावून घेतली पाहिजे असं मला वाटतं. बॉल फीड करणाऱ्या कोचच्याही खांद्याकडे बघता येतं.

मग येतो फटका. चेंडू पुढच्या पायाच्या किंचित पुढे, शक्य तर कमरेच्या उंचीवर गाठायचा. पुढे गाठला की खांदा, कोपर, मनगट हे सगळे चेंडूच्या मागे येतात आणि शरीराचं वळणं रॅकेटमध्ये उतरतं. मागे गाठला की सगळा भार एकट्या हातावर. बॅकहँडला हे विशेष जाणवतं. एका हाताने, उशिराने, मनगट पुढे काढून मारलेला बॅकहँड कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूबंधाला त्रास देतो आणि तोच पुढे टेनिस एल्बो होतो. मूठ आवळून धरण्याने त्यात भर पडते. घाबरलेला माणूस मूठ आवळतो आणि उशीर झालेला माणूस घाबरतो, म्हणजे शेवटी दुखण्याचं मूळही वेळेतच आहे. आमच्या बॅचमधल्या एका काकूंना महिनाभर चहाचा कप उचलता येत नव्हता. त्यांनी रॅकेट बदलली, पट्टा लावला, शेक घेतला. फरक पडला तो त्या दोन हातांच्या बॅकहँडकडे वळल्या आणि एक पाऊल आधी निघायला लागल्या तेव्हा. नवीन रॅकेट घेणाऱ्यांनी तारांकडेही लक्ष द्यावं. पॉलिएस्टरच्या ताठ तारा व्यावसायिक खेळाडू वापरतात म्हणून दुकानात त्याच पुढे केल्या जातात. आपल्या हाताला मऊ तारा, थोडा कमी ताण, हेच बरं.

दोन हातांचा बॅकहँड १९७० च्या दशकात ख्रिस एव्हर्ट, ब्यॉर्न बोर्ग आणि जिमी कॉनर्स यांच्यामुळे रूढ झाला. त्यात खरं काम डावा हात करतो, हे कळायला मला फार वेळ लागला नाही, कारण सरांनी पहिल्यांदा उजवा हात पाठीमागेच ठेवायला लावला. नुसत्या डाव्या हाताने, रॅकेट थोडी वर धरून, सर्व्हिस लाइनवरून डाव्या हाताचा फोरहँड मारायचा. चेंडू नेटपलीकडे जाऊ लागला की मग उजवा हात खाली आणून ठेवायचा. ज्यांचा बॅकहँड अडला आहे त्यांनी हे करून पाहावं. इतका साधा आणि इतका गुणकारी सराव मी दुसरा पाहिलेला नाही.

जोराबद्दल एकच सांगते. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी हात लावला की बोटभर रेट्याने झोका उंच जातो, भलत्या वेळी दोन्ही हातांनी ढकललं तरी अडखळतो. तीनशे ग्रॅमची रॅकेट वेळेवर मागे गेली असेल तर तिचं वजनच पुढचं काम करतं. घाई झालेल्या हाताला सगळा जोर दंडातून काढावा लागतो.

रॅकेट खालून वर न्यायची, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी मिळते. या टॉपस्पिनमुळे चेंडू नेटवरून उंच जाऊनही कोर्टमध्ये उतरतो. फिरता चेंडू भोवतालच्या हवेला एका बाजूला वळवतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. लॉर्ड रेली या शास्त्रज्ञाने टेनिसच्या चेंडूच्या अशा वाकड्या मार्गावर निबंध लिहिला तोही १८७७ मध्येच, पहिल्या विम्बल्डनच्या वर्षी. नवशिक्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नेटच्या वर भरपूर जागा आहे आणि ती वापरायची आहे. नेटची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर असते. टीव्हीवर चेंडू नेटला घासून जाताना दिसतात, आणि आपणही तसेच मारायला जातो. सर सांगतात, नेटच्या वर आणखी एक नेट आहे असं समजा आणि त्याच्यावरून काढा. उंच गेलेला चेंडू समोरच्याकडे पोचायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ आपल्याला जागेवर परतायला मिळतो. इथेही हिशोब तोच. तिरका फटका म्हणूनच आधी शिकवतात. नेट मध्यभागी सुमारे सहा इंच ठेंगणं असतं, आणि एकेरीच्या कोर्टचा कर्ण काढला तर तो सरळ लांबीपेक्षा जवळजवळ १.४ मीटर जास्त भरतो.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने इथली हवा थोडी विरळ, चेंडू मुंबईपेक्षा किंचित जास्त पळतो. मुंबईहून आलेले पाहुणे पहिल्या दिवशी बेसलाइनबाहेर मारतात ते त्यामुळेही असेल.

सराव कसा करावा यावर आमच्या बॅचमध्ये कायम वाद होतो. बऱ्याच जणांना बादलीभर चेंडू ओळीने फोरहँडवर हवे असतात. तसे मिळाले की पंधराव्या-विसाव्या चेंडूला हात छान बसतो आणि समाधान वाटतं. सर मात्र लवकरच मिसळायला लागतात: एक फोरहँडला, एक बॅकहँडला, एक आखूड, एक खोल. लगेच सगळ्यांचे फटके बिघडतात. मी सरांच्या बाजूने आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींच्या प्रयोगात हेच दाखवलं होतं. एकच हालचाल ओळीने गिरवणारे सरावात पुढे असतात, पण काही दिवसांनी परीक्षा घेतली तर ज्यांनी मिसळून सराव केला त्यांच्या ते जास्त लक्षात राहिलेलं असतं. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोत हालचालींचा अभ्यास करणाऱ्या निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या होत्या. हातोडा दर वेळी बरोबर छिन्नीच्या डोक्यावर पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर वेळी थोडा निराळा असायचा. कसबी हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही, तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवत असतो. टेनिसमध्ये तर दोन चेंडू कधीच सारखे येत नाहीत. डिसेंबरच्या सकाळी माती दवाने ओली असते, चेंडू जड होऊन खाली राहतो. एप्रिलमध्ये तेच कोर्ट पाणी मारूनही तासाभरात सुकतं आणि चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. ओळीने गिरवलेल्या फोरहँडला यातलं काहीच ठाऊक नसतं.

भिंतीवरचा सराव मला आवडतो, पण भिंत फार लवकर चेंडू परत देते. तिच्याशी खेळताना दोन टप्पे पडू द्यावेत. एका टप्प्यावर घ्यायला गेलं की उशिराने मारायची सवय लागते.

सर्व्हिस मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. टेनिसमधला हा एकच फटका, जिथे कोणी आपल्याकडे चेंडू पाठवत नाही. पावणेदोन सेकंदांचं बंधन इथे नाही. नियमाने दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात आणि चेंडू आपल्या हातात असतो. तरी नवशिक्याची सगळ्यात मोठी घाई इथेच होते. चेंडू वर उडवतात आणि तो स्थिरावायच्या आत त्याला झोडपतात.

एका संध्याकाळी मी कागदावर आकडे मांडले. बेसलाइनपासून नेट ११.८९ मीटरवर, तिथून पुढे सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर. नेटच्या मध्यावरून निघून सर्व्हिस लाइनवर उतरणारी सरळ रेषा मागे बेसलाइनपर्यंत वाढवली तर ती तिथे जमिनीपासून २.६१ मीटर उंच असते. माझी उंची पाच फूट तीन इंच. हात आणि रॅकेट पूर्ण ताणली तरी मी चेंडू २.४ मीटरच्या आसपास गाठते. म्हणजे माझ्या रॅकेटपासून सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीत, सरळ रेषा जातच नाही. मी सपाट, खाली दाबून मारलेला चेंडू एक तर नेटमध्ये जाणार नाही तर बाहेर. २०१९ च्या महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच समोरासमोर होते, दोघंही दोन मीटरहून उंच. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे सहा-सहा गेमच्या बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत गेले, कारण कोणालाच दुसऱ्याची सर्व्हिस फोडता येत नव्हती. त्यांना वरून खाली मारता येतं. माझ्यासारख्यांना चेंडू वरच्या दिशेने मारावा लागतो आणि गुरुत्वाकर्षण व फिरकी यांच्यावर सोपवावा लागतो. हे आकडे पाहिल्यापासून मी सर्व्हिस खाली दाबायचं सोडून दिलं. आता रॅकेट वर आणि बाहेर फेकते, कॉन्टिनेंटल ग्रिपने, आधी कड पुढे आणि मग हात आतून बाहेर वळत तोंड चेंडूवर येतं. फेकण्याची ही क्रिया बॅडमिंटनवाल्यांना लगेच जमते.

टॉसवर, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर सोडण्यावर, माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. कोपर सरळ, चेंडू बोटांच्या टोकांवर, हात खांद्यापासून उचलायचा आणि डोळ्यांच्या उंचीच्या वर गेल्यावर चेंडू सोडायचा, उडवायचा नाही. तो पुढच्या पायाच्या किंचित पुढे आणि थोडा उजवीकडे यायला हवा, आणि पूर्ण ताणलेल्या रॅकेटच्या टोकापेक्षा थोडाच वर जायला हवा. फार उंच गेला तर खाली येईपर्यंत वेग घेतो आणि वाऱ्यात सरकतो. टॉस वाईट पडला तर चेंडू खाली येऊ द्यायचा, झेलायचा आणि पुन्हा करायचा. नियमात त्याला पूर्ण मुभा आहे, आणि मुभा आहे हे किती तरी जणांना माहीतच नसतं.

पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्हिस अजून माझ्या हातात आलेली नाही. फिरकी देऊन, तितक्याच वेगाने रॅकेट फिरवून, चेंडू नेटच्या चांगला वरून काढायचा, हा यंदाचा अभ्यास आहे. पावसाळ्यात मातीचं कोर्ट बंद असतं, त्यामुळे सध्या गच्चीवर फक्त टॉस आणि शॅडो प्रॅक्टिस, म्हणजे चेंडूशिवाय फटक्यांचा सराव, चालली आहे. दिवाळीच्या आधी मामा कोर्टवर माती टाकतील, रोलर फिरवतील, पट्ट्या ठोकतील. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी त्या सुमाराला यावं, म्हणजे उन्हाळ्याआधी चार-पाच महिने सलग मिळतात. सकाळी सहा ते सात मागचं कोर्ट रिकामं असतं. रॅकेट नसेल तर सरांकडे जुन्या दोन-तीन आहेत, बूट मात्र आडव्या पावलांना आधार देणारे हवेत, पळायचे बूट चालणार नाहीत. केशरी चेंडूंची पिशवी माझ्याकडे असते.